स्वतःची फॅमिली

पुणे
१२ नोव्हेंबर २०११

कहकशां,

सलाम. तुझी आणि घरातल्या सगळ्यांची खैरियत फोनवर रोज कळते, पण तेवढीच कळते. अम्मी फोन कानाला लावून बसते, तू मागे उभी असतेस, आणि मी 'जेवण झालं का' याच्या पुढे जाऊ शकत नाही. म्हणून हे पत्र. मराठीत लिहितोय ते मुद्दाम. अम्मीला उर्दूशिवाय दुसरं अक्षर वाचता येत नाही, तेव्हा तिच्या हाती लागलं तरी बिनघोर राहा.

नोकरीचं सांगतो. इथं कागदावर नकाशा काढत नाहीत. कॉम्प्युटरवर आधी अख्खी इमारत उभी करतात आणि मग तिच्यात पाईप टाकतात, जाडीलांबीसकट. सध्याचं काम गुजरातेतल्या एका कारखान्याचं आहे. सरकीचं तेल गाळायचा कारखाना. आपल्याकडे कापूस घरात पडून आहे आणि मी इथं बसून त्याच्या सरकीच्या तेलासाठी पाईप ओढतोय.

पाईप ओढणं सोपं, जोड अवघड. दोन इंचापर्यंतच्या पाईपाला चुडीचा जोड, म्हणजे अब्बा दुकानात आटे पाडतात तो. त्याहून जाड पाईपाला वेल्डिंग. आणि जिथं पंप काढावा-बसवावा लागतो तिथं फ्लँज, ती नटबोल्टची गोल ताटली. प्रोग्रामला एक जोड सांगितला की तो येड्यासारखा सगळीकडे तोच लावत सुटतो. तीन जातींचे जोड एका लाईनीत आले की त्याचं डोकं फिरतं, आणि आमचंही.

आम्ही दोघं नवीन आहोत, कच्चे. दुसरी प्रियंका म्हणून आहे. आपल्याकडच्या कळंबची निघाली. एवढ्या मोठ्या ऑफिसात एकच माणूस 'मले-तुले' करणारं, तेवढाच जीव रमतो. मार्चमध्ये मला पक्कं केलं की खोली घेतो आणि तुला घेऊन येतो. तोवर अम्मीला सांभाळून घे.

तुझा,
अब्रार


आर्णी
२३ नोव्हेंबर २०११

अब्रार,

सलाम. पत्र पोचलं. दोनदा वाचलं. पहिल्यांदा आनंदानं वाचलं आणि दुसऱ्यांदा प्रियंका आली.

कळंबची आहे म्हणता. मग चिंतामणी गणपतीच्या गावची माणसं नेकच असणार, माझं काही म्हणणं नाही. फक्त एवढं सांगा, ती तुम्हाला काय हाक मारते? भाऊ म्हणते की नुसतं अब्रार? आणि जीव रमतो म्हणजे नेमका किती रमतो? मी तुमच्याशी पोटभर मले-तुले करायला तयार होते. लग्नाला वर्ष झालं नाही तर तुम्ही गाडीत बसलात. इथं मी कोणाशी करू, शेळीशी?

इकडचं म्हणाल तर अब्बांच्या दुकानात कोणी फिरकत नाही. कापसाला भाव नाही तर पंप दुरुस्त करून पाणी कशाला देतील लोक. अब्बा सकाळी शटर वर करतात, खुर्चीवर बसतात आणि दुपारी खाली करतात. अम्मी दिवसातून एकदा तरी म्हणते, "पोरगं पुण्याले गेलं म्हनून घर चालून राह्यलं." ते म्हणताना माझ्याकडे अशी बघते की मीच तुम्हाला परत बोलवायला बसले आहे. बसलेच आहे, पण तोंडानं म्हणत नाही.

चुडीचं वाचून हसू आलं. महागावच्या बांगडीवाल्याच्या पोरीला तुम्ही चुडी शिकवता. आमच्याकडे चुडी हातात भरतात, आणि भरताना समोरचीचा हात धरावा लागतो. तुमच्या ऑफिसात कशी भरतात ते कळवा.

तुमची,
कहकशां


पुणे
४ डिसेंबर २०११

कहकशां,

सलाम. ती मला नुसतं अब्रार म्हणते. इथं सगळे सगळ्यांना नावानंच बोलवतात, साहेबांनासुद्धा. त्यात मनात आणण्यासारखं काही नाही. तुझा स्वभाव म्हणजे सुतावरून स्वर्ग.

आता मोठी खुशखबर ऐक. मागे लिहिलं होतं ना, चुडीवाला पाईप आणि फ्लँज एकत्र येतात तिथं अडतं म्हणून? बरेच दिवस डोकं फोडलं. शेवटी मी इथं स्वतःची फॅमिली तयार केली. हो, स्वतःची. प्रियंका सोबत होती. सुट्टीच्या दिवशीसुद्धा ऑफिसात बसून केली. आता सगळं ऑफिस माझ्या फॅमिलीचं नाव काढतंय. साहेब तर पाठीवर थाप मारून म्हणाले, अशा आणखी बनव.

आता मार्चची काळजी नाही. माझं इथलं पक्कं झालं असंच समज. अम्मीला फोनवर हे सांगितलं तर तिला कळणार नाही, म्हणून तुलाच लिहितोय. खूश हो.

तुझा,
अब्रार


महागाव
१९ डिसेंबर २०११

अब्रार,

वरचा गाव वाचलात ना? आर्णी नाही, महागाव. मी माहेरी आहे.

तुमचं पत्र आलं तेव्हा मी शेजारी दळण आणायला गेले होते. तुमच्या पत्रांनंतर मी एकटीच हसते हे अम्मीनं हेरून ठेवलं होतं. तिला वाटलं, सून आणि पोरगा मिळून घराबद्दल काही शिजवत आहेत. तिनं पाकीट फोडलं आणि समोरच्या तुळसाबाईला वाचायला दिलं. तुळसाबाई अंगणवाडीत शिकवते, तिचं वाचन खणखणीत. मी दळण घेऊन दारात आले तर ती ओसरीवर वाचत होती, आणि शेजारपाजारच्या बाया येऊन बसल्या होत्या.

"अमिनाबी, पोरानं तिकडं सोताची फॅमिली केली म्हन्ते," तुळसाबाई म्हणाली. "कोनी प्रियंका सोबत हाये. आन सायेब म्हन्ते, अजून कर."

अम्मी काय म्हणाली माहीत आहे? तुम्हाला एक शब्द बोलली नाही. माझ्याकडे बघून म्हणाली, "तू कायले नाही गेली मंग संगं? मरद मानूस एकटा कसा राहीन?"

आपल्याकडे फॅमिली कशाला म्हणतात ते मला शिकवू नका. एसटीत 'फॅमिली सोबत आहे' म्हटलं की कंडक्टर जागा करून देतो. ती फॅमिली. सुट्टीच्या दिवशीसुद्धा बसून केली. हे वाक्य आता आर्णीतल्या पोरासोरांना पाठ आहे.

माझे अब्बा दुसऱ्या दिवशी येऊन मला घेऊन गेले. ते म्हणतात, पोरगा समोर येऊन बोलेल तेव्हाच पोर नांदायला जाईल. मी म्हणते, आला नाही तरी चालेल. मी खोटं म्हणते आहे, पण म्हणते.

तुम्ही 'खूश हो' लिहिलंत. त्याच्यावर मी सगळ्यात जास्त रडले.

कहकशां


पुणे
२४ डिसेंबर २०११

कहकशां,

अगं बाई, काय करून बसलात तुम्ही सगळ्या मिळून. फोन केला तर अम्मी म्हणते, "आता तिले घेऊन ये, आमाले दाखव." कोणाला दाखवू? पाईपाच्या जोडाला?

नीट ऐक. ह्या प्रोग्राममध्ये प्रत्येक वस्तूला फॅमिली म्हणतात. दार असलं तर दाराची फॅमिली, खुर्ची असली तर खुर्चीची. पाईपाचा जोड असला तर तीही फॅमिली. नाव मी ठेवलं नाही, ज्यांनी प्रोग्राम बनवला त्या गोऱ्यांनी ठेवलं. एका तोंडाला चुडी आणि दुसऱ्या तोंडाला फ्लँज असा तुकडा प्रोग्राममध्ये नव्हता, तो बनवला. एवढीच गोष्ट आहे. ऑफिसात दिवसभर हा शब्द कानावर पडतो, तो आपल्याकडे कसा लागेल हे लिहिताना ध्यानातच आलं नाही.

कोणाचीही कसम घेऊन सांगतो, हेच खरं आहे. सुट्टी मागितली तर साहेब नाही म्हणाले, काम द्यायची तारीख जवळ आली आहे. तू आर्णीला जा. तुझ्या अब्बांना हे पत्र दाखव.

तुझा,
अब्रार


महागाव
६ जानेवारी २०१२

प्रियंका यांस,

तुमचं आडनाव मला माहीत नाही, म्हणून पाकिटावर ऑफिसचा पत्ता आणि 'कळंबच्या प्रियंका' एवढंच लिहिलं आहे. मी अब्रार यांची घरवाली. लग्नाची.

ते म्हणतात, तुमच्या कामात खुर्चीला आणि दाराला फॅमिली म्हणतात. माझे अब्बा म्हणाले, असं कुठे असतं का, खुर्चीला कोणी फॅमिली म्हणेल का. नवऱ्याचं पत्र नवऱ्याच्या बाजूनंच बोलणार. म्हणून तुम्हाला विचारते. हे खरं असेल तर त्या वस्तूचं चित्र पाठवा. खरं नसेल तर तेही लिहा, मी बाईमाणूस म्हणून विचारते आहे, भांडायला येणार नाही.

आणखी एक. त्यांनी ती बनवली तेव्हा तुम्ही सोबत होतात असं त्यांनी लिहिलं. कशासाठी होतात?

कहकशां


पुणे
१४ जानेवारी २०१२

कहकशां भाभी,

जय भीम. चित्र सोबत आहे. डाव्या तोंडाला आटे दिसतील, उजव्या तोंडाला नटबोल्टाची भोकं. हीच ती फॅमिली. तुमच्या अब्बांना दाखवा. तिला हातपाय नाहीत.

तुमचं पत्र वाचून आधी खूप हसले आणि मग खूप राग आला. तुमचा नाही आला. भाभी, अब्रारनं कुठलीही फॅमिली बनवलेली नाही. ती मी बनवली. सुट्टीच्या दिवशी मी बसले होते, ते सोबत होते, आणि ते चहा आणायला गेलेले असतानाच ती जुळली. थाप माझ्या पाठीवर पडली. तुम्हाला त्यांनी उलटं लिहिलं हे मला तुमच्या पत्रावरून कळलं.

आता लिहायलाच बसले आहे तर सगळं लिहिते. त्या दिवसापासून ते माझ्याशी बोलत नाहीत. आधी आम्ही एका टेबलावर डबा खायचो, मी ठेचा आणला की अर्धा तेच खायचे. आता डबा घेऊन जिन्यात जाऊन बसतात. आणि माझी फॅमिली वापरतही नाहीत. सगळ्या ऑफिसनं घेतली, त्यांनी नाही. चुडीचा पाईप आणि फ्लँज येतात तिथं ते दोन वेगळे तुकडे नजरेच्या अंदाजानं एकमेकांना टेकवून ठेवतात. पडद्यावर जोडल्यासारखं दिसतं, पण जोडलेलं नसतं. प्रोग्रामला ते दोन परके तुकडेच वाटतात. मी एकदा सांगायला गेले. म्हणाले, "तुले कायले पाह्यजे? तू तुह्यं पाह्य." साहेबांना मी काही बोलले नाही, पण हे फार दिवस झाकून राहणार नाही.

तुम्ही विचारलं नाही, पण मनात असेल म्हणून लिहिते. मला त्यांच्यात पाहण्यासारखं काही दिसत नाही. ज्याला दोन तुकडे जोडता येत नाहीत त्याचं मी काय करू? रागावू नका, मी अशीच बोलते. आमच्या घरी सगळेच असे बोलतात.

तुमची,
प्रियंका


पुणे
११ फेब्रुवारी २०१२

कहकशां,

सलाम. तू अजून आर्णीला गेली नाहीस आणि पत्रही लिहीत नाहीस. चल, आता तुझ्या मनासारखं होतंय. मी परत येतोय.

इथं आपल्या माणसाला वर येऊ देत नाहीत. परवा गुजरातेतले मालक आले होते. साहेब त्यांना मोठ्या पडद्यावर कारखाना दाखवत होते. मालक म्हणाले, ही लाईन हातभर वर घ्या. साहेबांनी पाईप उचलला आणि काही जोड खालीच राहिले, हवेत लटकत. प्रोग्रामची चूक. पण साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, हे कोणी केलं. त्या प्रियंकानं तोंड उघडलं नाही, खाली बघत राहिली. ती बघत राहिली याचाच मला जास्त राग आला.

तिला पक्कं केलं. मला म्हणाले, आणखी सहा महिने तिच्या हाताखाली कर, मग पाहू. कळंबच्या पोरीच्या हाताखाली, जी माझ्यासोबत त्याच दिवशी लागली. मी म्हटलं, विचार करून सांगतो, पण विचार झालेला आहे. रोज सकाळी तिचा चेहरा पाहिला की माझ्या पोटात आग पडते. ती बोलली तरी पडते, नाही बोलली तरी पडते. मला त्यापेक्षा अब्बांचं रिकामं दुकान बरं.

तुला हेच हवं होतं ना? सामान बांधायला घेतलं आहे. तू आर्णीला ये.

तुझा,
अब्रार


महागाव
१८ फेब्रुवारी २०१२

अब्रार,

सलाम. सामान सोडा.

तुमच्या फॅमिलीचं चित्र महिन्याभरापासून माझ्या उशाखाली आहे. ते प्रियंकानं पाठवलं. मी तिला पत्र लिहिलं होतं, तिनं उत्तर दिलं. त्या पत्रात सगळं आहे, चहासकट आणि जिन्यातल्या डब्यासकट. तेव्हा प्रोग्रामची चूक मला सांगू नका. मी जानेवारीतच लिहायला हवं होतं, पण मला पाहायचं होतं की खरं तुम्ही आपल्या तोंडानं कधी सांगता. अजून सांगितलंच नाहीत.

तुम्ही एवढंच लिहिलं असतं की प्रियंकानं स्वतःची फॅमिली तयार केली, तर तुळसाबाईनं ते वाचलं असतं, अम्मीनं 'चांगलं झालं पोरीचं' म्हटलं असतं आणि मी आज आर्णीत भाकऱ्या थापत असते. एका 'मी'पायी माझी वरात निघाली.

अब्बांना चित्र दाखवलं. त्यांनी चष्मा लावून पाहिलं, उलटं करून पाहिलं, आणि म्हणाले, "हे तं नळाचं हाये." मग खूप वेळ हसले. त्यांचं समाधान झालं. माझं झालं नाही.

का नाही झालं ते सांगते. मला वाटलं होतं, ती फॅमिली पाईपाचा तुकडा निघाली की माझं जळणं थांबेल. उलट वाढलं. मी प्रियंकावर जळले ती तुमच्यापायी. तुम्ही तिच्यावर जळलात त्यात मी कुठेच नव्हते. डबा उचलून जिन्यात गेलात, हातचं काम नासवलंत, रोज सकाळी पोटात आग. मी माहेरी येऊन बसले तेव्हा तुम्ही एक पत्र लिहिलंत आणि 'तू आर्णीला जा' म्हणालात. तिच्यासाठी एवढं पेटलात, माझ्यासाठी कधी साधा धूर तरी निघाला का? कोणी मला विचारलं, नवऱ्याच्या मनात रात्रंदिवस कोण असतं, तर मला खरं उत्तर द्यावं लागेल, आणि ते कळंबचं निघेल.

म्हणून सांगते, येऊ नका. मला तुम्ही हवे आहात. लग्नापासून तेवढंच हवं आहे. पण असे आलात तर त्या रिकाम्या दुकानात खुर्चीवर बसून जन्मभर तिचं नाव घ्याल. पंप बिघडला की ती, भाजी खारट झाली की ती. माझ्या घरात मला तिचं नाव नको. ते तिकडेच संपवून या. साहेबांना हो म्हणा. तिच्या हाताखाली सहा महिने करा, तिनं शिकवलं ते शिका, आणि तिनं बनवलेली फॅमिली मुकाट वापरा. लोकांची वापरायला लाज कसली? ती म्हणते, तुम्ही तुकडे नुसते टेकवून ठेवता आणि लांबून ते जोडल्यासारखे दिसतात. आपलंही तसंच चाललं आहे. तुम्ही तिथं, मी इथं, लांबून लग्न झाल्यासारखं दिसतं.

मी मार्चची वाट पाहणार नाही. पक्कं झाल्यावर खोली घेतो म्हणाला होतात. कच्चे आहात तर कच्ची खोली घ्या, पत्र्याची असली तरी चालेल. मग एका रविवारी महागावला या, अब्बांच्या समोर बसा, आणि तुमची स्वतःची फॅमिली घेऊन जा. ती बनवायला लागत नाही, इथं तयार बसली आहे.

तुमची,
कहकशां

ता. क. प्रियंकासाठी आमच्या दुकानातल्या बांगड्या आणणार आहे. चित्र पाठवलं म्हणून, नाहीतर कशाला. तिच्या हाताचं माप विचारून कळवा. नको, तुम्ही विचारू नका. मी आले की तिचा हात धरून स्वतः बघीन.